काचबिंदू : ऑपरेशन फसले म्हणजे डोळा गेला काय?



'आपरेशन झालं, पन जास्तीचं काही दिसाले लागलं नाही. मंग केलं काहून?' काचबिंदूचा रोगी असलेल्या घरी गेलो की हा प्रश्न हमखास कानी पडतो. प्रश्न रास्त आहे. शेजारच्या आजीचा मोतीबिंदू काढला, चार दिवसांत ती तांदूळ निवडू लागली. आपल्या बाबांचेही डोळ्याचेच ऑपरेशन झाले, पण महिना उलटला तरी नजर होती तेवढीच आहे. मग घरात ठरते की डॉक्टरांचा हात चुकला. ड्रॉप टाकणे बंद होते, तपासणीची तारीख टळते, मुलगा म्हणतो आता उगाच मजुरी बुडवून कशाला जायचे. आणि वर्षा-दोन वर्षांत उरलीसुरली नजरही निघून जाते. वास्तविक ऑपरेशन फसलेलेच नसते. फसलेले असले, तरी तिथे सगळे संपलेले नसते. हीच गोष्ट आज आम्ही या सदरात थोडी विस्ताराने सांगणार आहोत.

नावाने घोटाळा होतो, तो आधी दूर करू. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन अगदी वेगळे रोग आहेत. आपल्या वर्धा-नागपूरकडे हिंदीच्या शेजारामुळे काचबिंदूला 'काला मोतिया' असेही म्हणतात, त्याने गोंधळ आणखी वाढतो. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पांढरे पडते. ते काढून दुसरे बसवले की उजेड पुन्हा आत जातो. काचबिंदूत मात्र डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नसच मरते. या नसेत सुमारे १०-१२ लाख बारीक तंतू असतात. जे मेले ते मेले. कोणताही डॉक्टर, कोणतेही औषध, कोणतेही ऑपरेशन आजघडीला ते जिवंत करू शकत नाही. म्हणून काचबिंदूचे ऑपरेशन हे गेलेली नजर आणण्यासाठी नसतेच. उरलेली राखण्यासाठी असते. वाळलेल्या झाडांना पाणी देऊन उपयोग नाही, पण जी हिरवी आहेत ती तरी वाळू नयेत म्हणून बांध घालायचा, तसे हे आहे.

नस मरते कशाने? डोळ्याच्या आत सतत थोडे थोडे पाणी तयार होत असते. डोळ्यातून गळणारे अश्रू ते हे नव्हे. बुबुळाच्या कडेला एक बारीक जाळी असते, तिच्यातून हे पाणी झिरपून रक्तात जाते. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी स्थिती झाली की आत दाब वाढतो. साधारण १० ते २१ हा दाब ठीक समजला जातो. मात्र ज्याची नस आधीच खूप खराब झाली आहे, त्याला २१ सुद्धा जास्त होतो. त्याचा दाब १२-१४ पर्यंत खाली आणावा लागतो. हा डोळ्याचा दाब म्हणजे बी.पी. नव्हे, हेही सांगून ठेवतो. बी.पी.ची गोळी नेमाने घेणारा माणूस 'माझं प्रेशर तर कंट्रोलमध्ये आहे' असे म्हणून डोळ्याची तपासणी टाळतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

भारतात ४० वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली नेत्रतज्ज्ञांनी मांडला होता. त्यांतील बहुसंख्यांना आपल्याला हा रोग आहे हेच ठाऊक नसते, कारण बहुतेकदा तो दुखत नाही. नजर कडेकडेने जाते. समोरचे दिसत राहते, म्हणून वर्तमानपत्र वाचता येते, पण बाजूने येणारी सायकल दिसत नाही. हा शहरातला रोग आहे असेही कोणी समजू नये. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी २००६ ते २००८ या काळात आपल्या भागातील ८ खेड्यांतील ३० वर्षांवरील ४,७११ लोकांचे डोळे तपासले होते. शेतीवर जगणाऱ्या त्या खेड्यांतही काचबिंदूचे रोगी निघालेच.

नालवाडीचे नाव बाहेरच्या लोकांना विनोबांमुळे माहीत आहे. पवनारला जाण्याआधी १९३०च्या दशकात ते इथे राहत असत. त्या इतिहासावर आपल्या समाजात वेगवेगळी मते आहेत, तो विषय आजचा नाही. डोळ्याच्या रोग्याच्या दृष्टीने नालवाडीचे महत्त्व वेगळेच आहे. एका अंगाला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ सालापासूनचे त्याचे मेडिकल कॉलेज, दुसऱ्या अंगाला सावंगी (मेघे)चे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, मध्ये वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय. पुढे नागपुरात मेडिकल, मेयो आणि आता एम्सही. गडचिरोलीच्या आतल्या भागातल्या माणसाला डोळ्याचा दाब मोजायलाही दिवसभराची एस.टी. करावी लागते. आपल्याला एवढ्या जवळ सोय असून आपल्या वस्तीतला माणूस आंधळा होतो, तो अंतरामुळे होत नाही. नीट समजावून न सांगितल्यामुळे होतो. दवाखान्यातल्या गर्दीत डॉक्टर दोन वाक्ये बोलतो. त्यातले एक इंग्रजी असते.

आता ऑपरेशनाकडे वळू. काचबिंदूवर पहिला उपाय ड्रॉप, काही रोग्यांत लेसर. त्यांनी दाब आटोक्यात येत नसेल, किंवा रोज दोन-तीन ड्रॉप विकत घेणे झेपत नसेल, तर ऑपरेशन. सर्वांत जास्त केले जाते ते ट्रॅबेक्युलेक्टमी. दवाखान्यात त्याला नुसते 'ट्रॅब' म्हणतात. केर्न्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९६८ साली ते मांडले. पण त्याचे मूळ जुने आहे आणि त्यातला एक धागा आपल्या देशातला आहे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात इलियट नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९०९ साली डोळ्याच्या पांढऱ्या भागाला बारीक गोल छिद्र पाडून आतले पाणी बाहेर काढायला सुरुवात केली. तिथल्या गोरगरीब रोग्यांच्या डोळ्यांवर ही पद्धत घडली आणि मग जगभर गेली. ट्रॅबमध्ये नुसते छिद्र पाडत नाहीत. पांढऱ्या भागाचा अर्ध्या जाडीचा एक पदर उचलतात, त्याखाली खिडकी पाडतात आणि पदर पुन्हा सैलसर शिवून टाकतात. दारावर झडप ठेवल्यासारखे. पाणी झिरपते, पण भसकन वाहून जात नाही. वरच्या पापणीखाली त्याचा बारीक फुगवटा तयार होतो. पापणी उचलली तर आरशातही दिसतो.

हे ऑपरेशन फसते ते बहुधा एकाच कारणाने. शरीराचा धर्मच असा, की जखम झाली की ती भरून काढायची. हात कापला तर हे चांगले. इथे मात्र डॉक्टरने मुद्दाम पाडलेली वाट शरीर आपल्या परीने बुजवून टाकते. पाणी पुन्हा तुंबते, दाब पुन्हा चढतो. म्हणजे बहुतेक वेळा यात कोणाचा हात चुकलेला नसतो. तरुण रोगी, डोळ्याच्या आत वारंवार सूज येणारा रोगी, डोळ्याला मार लागलेला, आधी एक-दोन ऑपरेशने झालेला, बुबुळ बदललेला, फार दिवसांच्या मधुमेहाने डोळ्यात नवीन रक्तवाहिन्या फुटलेला, अशांच्या डोळ्यांत हा धोका जास्त असतो. यांनाच डॉक्टर 'अवघड काचबिंदू' म्हणतात. आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. डोळे लाल झाले, खाज सुटली, की मेडिकलच्या दुकानातून स्टिरॉइडचा ड्रॉप आणायचा आणि बरे वाटते म्हणून महिनोन्महिने टाकत राहायचे. त्या ड्रॉपनेही कित्येकांचा दाब चढतो, आणि त्यांत शाळकरी मुलेही असतात.

मग अशा डोळ्याचे करायचे काय?

पहिली गोष्ट, बुजलेली वाट कधी कधी सुईने मोकळी करता येते. याला नीडलिंग म्हणतात. डोळा बधिर करून त्या फुगवट्याखालची जाळीसारखी वाढ बारीक सुईने सोडवतात. काम छोटे असते. मात्र ते वेळेत करावे लागते. म्हणून तर ऑपरेशननंतर पहिले दोन महिने डॉक्टर पुन्हा पुन्हा बोलावतात. आठ दिवसांनी बोलावलेला रोगी कापूस वेचणी संपल्यावर दोन महिन्यांनी गेला, तर ती वाट कायमची मिटलेली असते.

दुसरी गोष्ट, ट्रॅब पुन्हा करता येते, जागा थोडी बदलून. या वेळी मायटोमायसिन नावाचे औषध काही मिनिटे त्या जागी लावतात, म्हणजे जखम लवकर भरत नाही. हे औषध मुळात कर्करोगावरचे. अर्जावर किंवा कागदावर ते नाव वाचून एखादा शिकलेला मुलगा घाबरतो, की वडिलांना कॅन्सर तर नाही? नाही. जखम भरणाऱ्या पेशींना थोपवण्यासाठी ते वापरतात. त्याचा तोटा असा की फुगवट्याची कातडी पातळ राहते, आणि पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा तिथून जंतू आत जाऊ शकतात. ट्रॅब झालेला डोळा लाल झाला, दुखू लागला, त्यातून पू-चिपड आले किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. 'उद्या बाजाराचा दिवस आहे, परवा जाऊ' हे इथे चालत नाही.

तिसरी गोष्ट नळीची. अवघड काचबिंदूत आज तिचेच महत्त्व वाढले आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात सिलिकॉनची केसासारखी बारीक नळी बसवतात. तिचे दुसरे टोक एका छोट्या चकतीला जोडलेले असते, आणि ती चकती डोळ्याच्या वर-मागे, पातळ पडद्याखाली शिवून ठेवतात. आतले पाणी नळीने चकतीपर्यंत जाते आणि तिथून शोषले जाते. बाहेरून कोणाला काही दिसत नाही. मोल्टेनो या दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरने १९६९च्या सुमारास अशी नळी वापरात आणली. १९९३ पासून अहमद व्हॉल्व आली, तिच्यात पाणी एकदम जास्त जाऊ नये म्हणून झडप असते. या परदेशी नळ्या महाग, मजुराच्या आवाक्याबाहेरच्या. २०१३ पासून मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने स्वदेशी नळी बाजारात आणली. तिची किंमत परदेशी नळीच्या मानाने फारच कमी आहे. आमच्या मते गेल्या काही वर्षांत काचबिंदूच्या गरीब रोग्यासाठी झालेली ही सर्वांत मोठी गोष्ट, आणि तिची बातमी मात्र कुठे मोठ्या अक्षरात छापून आली नाही.

या स्वदेशी नळीत झडप नसते. म्हणून सुरुवातीला नळीला धागा बांधून ती बंद ठेवतात. पाच-सहा आठवड्यांत धागा विरघळतो आणि मग पाणी वाहू लागते. तोवर दाब चढाच असतो, ड्रॉप व गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. हे रोग्याला सांगितलेले नसले, तर 'नळी टाकूनही दाब उतरला नाही' म्हणून घरात रडारड होते. आणि धागा सुटण्याच्या दिवसांत दाब एकदम उतरून डोळा मऊ पडू शकतो, नजर अंधुक होते. त्या आठवड्यात दवाखान्यात हजर असलेच पाहिजे. अहमद व्हॉल्वचे उलटे आहे. तिथे दाब लगेच उतरतो, पण पुढच्या एक ते तीन महिन्यांत काही जणांचा पुन्हा चढतो आणि काही काळ ड्रॉप लागतात. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना अपेक्षित असतात. आधी सांगितले की माणूस धीर धरतो.

नळीवर झाकण म्हणून कित्येकदा नेत्रपेढीतून मिळालेला, दुसऱ्या कोणी दान केलेल्या डोळ्याचा पांढरा भाग लावतात. नेत्रदान म्हणजे फक्त बुबुळ, असे आपण समजतो. तो पांढरा तुकडाही कोणाची तरी नजर सांभाळत असतो.

ट्रॅब चांगले की नळी? यावर मोठी तपासणी झालेली आहे. १७ रुग्णालयांतील २१२ रोगी घेतले. सर्वांचे आधी मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते किंवा एक ट्रॅब फसलेले होते. निम्म्यांना नळी बसवली, निम्म्यांचे मायटोमायसिन लावून ट्रॅब केले. पाच वर्षांचा निकाल २०१२ साली आला. नळीवाल्यांत शंभरात सुमारे ३० जणांचे ऑपरेशन फसले, ट्रॅबवाल्यांत ४७ जणांचे. पुन्हा काचबिंदूचे ऑपरेशन करण्याची पाळी नळीवाल्यांत शंभरात ९ जणांवर आली, दुसऱ्या गटात २९ जणांवर. म्हणजे एकदा डोळा उघडून झालेल्या रोग्याला नळीचा विचार लवकर करावा, याला आधार आहे. पण हेही पाहा, की नळीतही शंभरात ३० फसलेच. ज्याने 'शंभर टक्के गॅरंटी' दिली, त्याच्याकडे पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. नळीचे स्वतःचे त्रासही आहेत. वर्षांनंतर ती पडदा फाडून उघडी पडू शकते, बुबुळाला घासून ते पांढरे करू शकते, कधी एकाचे दोन दिसतात. म्हणून नळी बसवलेला रोगी जन्मभर तपासणीत राहिला पाहिजे.

चौथी गोष्ट लेसरची, पण ही पहिल्यांदा सांगितलेल्या लेसरपेक्षा वेगळी. मोरी उघडतच नसेल तर नळच थोडा बंद करायचा, अशी ही युक्ती. पाणी तयार करणाऱ्या भागावर बाहेरून लेसरचे चटके देतात आणि पाणी कमी करतात. पूर्वी हेच काम त्या भागाला गोठवून करत, काही ठिकाणी अजूनही करतात. डोळा उघडावा लागत नाही, खर्च कमी, वयस्कर व आजारी माणसाला झेपते. परंतु चटका किती द्यायचा याचा अंदाज कठीण. कमी पडला तर पुन्हा द्यावा लागतो, जास्त झाला तर डोळा बारीक होऊन बसतो. म्हणून ज्या डोळ्यात नजर फारशी उरलेली नाही आणि दुखणे मात्र जीव घेते, अशांसाठी तो मुख्यतः वापरत आले आहेत. अलीकडे थांबून थांबून सौम्य मारा करणारा लेसरही आला आहे, तो नजर असलेल्या डोळ्यालाही देतात.

मधुमेहाच्या रोग्याची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या डोळ्यात नको त्या रक्तवाहिन्या फुटून पाण्याची वाट गच्च बंद करतात. तिथे नुसती नळी टाकून भागत नाही. आधी त्या वाहिन्या आक्रसण्यासाठी डोळ्यात इंजेक्शन, मागच्या पडद्यावर लेसर, आणि मग गरज पडल्यास नळी. साखर चढलेलीच राहिली तर हे सगळे पाण्यात. असा रोगी एका डोळ्याने काचबिंदूच्या डॉक्टरकडे येतो तेव्हा त्याच्या दुसऱ्या डोळ्यातही तीच तयारी चालू असू शकते. तो डोळाही बाहुली मोठी करून तपासून घ्या.

आणि पिकलेल्या मोतीबिंदूबद्दल. 'अजून पिकला नाही, पिकू द्या' हा सल्ला आपल्या वस्त्यांत अजूनही दिला जातो. तो जुन्या काळचा आहे. मोतीबिंदू फार पिकला की भिंग फुगते किंवा पाझरते, पाण्याची वाट बंद होते आणि एका रात्रीत दाब भयंकर चढतो. डोळा लालबुंद, डोके फुटेल असे दुखणे, ओकाऱ्या. घरचे लोक पित्त समजतात, कोणी दृष्ट काढते, कोणी अंगात आले म्हणते. दोन-तीन दिवस असे गेले की मोतीबिंदू निघतो, पण मागची नस मेलेली असते. साध्या, फुकट होणाऱ्या ऑपरेशनाने जी नजर परत आली असती, ती अशी जाते. डोळा दुखून ओकारी होत असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर पित्ताची गोळी न देता रात्रीच दवाखान्यात न्या.

लहान बाळांचा काचबिंदू हा आणखी हृदयद्रावक प्रकार. बाळाचे डोळे टपोरे दिसतात, आया-बाया कौतुक करतात. पण ते बाळ उजेडात डोळे मिटून घेत असेल, सतत पाणी गळत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल, तर ते सौंदर्य नव्हे. अशा बाळाला ड्रॉपवर ठेवून चालत नाही. ऑपरेशन हाच पहिला उपाय, आणि तो दिवसांत करायचा, महिन्यांत नव्हे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील डॉ. अनिलकुमार मंडल यांना बालकांच्या काचबिंदूवरील कामासाठी २००३ सालचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आहे. वेळेत शस्त्रक्रिया झालेली अनेक बाळे शाळेत जाण्याइतकी नजर राखतात. इथे एक गोष्ट बोलणे भाग आहे. हा रोग अनेकदा आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच उमटतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि जवळच्या नात्यात दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो. एका बाळाला झाला असेल, तर त्या घरातल्या पुढच्या बाळाचे डोळे जन्मताच तपासून घ्या.

नजर पूर्ण गेलेल्या पण दुखणाऱ्या डोळ्याचे काय, असेही विचारले जाते. तिथे नळीसारख्या मोठ्या ऑपरेशनाचा खर्च करू नये, असे आम्हांला वाटते. ड्रॉप, लेसर, नाहीच जमले तर डोळा काढून कृत्रिम डोळा बसवणे. ऐकायला कठोर आहे. पण रात्र-रात्र तळमळणाऱ्या बाईला त्याने झोप मिळते, आणि घरच्यांचे लक्ष उरलेल्या दुसऱ्या डोळ्याकडे जाते.

ऑपरेशनाला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारायला लाजू नका. माझी नस किती उरली आहे? दाब किती आहे आणि किती खाली आणायचा आहे? हेच ऑपरेशन का, नळी का नको? किती वेळा यावे लागेल? शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम सांगतो, कारण गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्या, हमाली करणाऱ्या माणसाला खरा खर्च तोच असतो. ओझे उचलणे, वाकून करायची कामे, चुलीचा धूर, डोक्यावरून पाणी घेणे, हे काही आठवडे बंद राहते. घरी हाताशी कोणी असेल असे दिवस पाहून तारीख घ्या. दम्याचा त्रास असेल तर तेही सांगा, कारण टिमोलॉलसारखा स्वस्त ड्रॉप दम्याच्या रोग्याला बाधतो.

पैशाची बाब. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना डोळ्याच्या शस्त्रक्रियांनाही लागू आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका व आधार घेऊन आधी त्याला गाठा आणि आपले ऑपरेशन व नळीची किंमत त्यात बसते का हे भरती होण्यापूर्वी विचारा. नळी बाहेरून आणायला सांगितली तर बिल मागा. ड्रॉपसाठी जनऔषधी दुकान पाहा. ज्यांची नजर बरीच गेली आहे त्यांनी जिल्हा सामान्य रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्रही काढून घ्यावे. ४० टक्क्यांपासून पुढे त्याचा उपयोग होतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

घरात एकाला काचबिंदू निघाला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांनी आणि चाळिशी गाठलेल्या मुलामुलींनी आपले डोळे तपासून घ्यावेत. त्यांना हा रोग होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नका. चिठ्ठी काढताना सांगा की घरात काचबिंदू आहे, दाब मोजायचा आहे आणि नस पाहायची आहे. आणि रोग्याचे जुने कागद, विशेषतः फील्ड टेस्टचे काळे-पांढरे छापील कागद, टाकून देऊ नका. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या. गेल्या वर्षीचा कागद शेजारी ठेवल्यावरच डॉक्टरला कळते की नजर थांबली आहे की अजून सरकते आहे.